सीटखालचा अँप

५ ऑक्टोबर, रविवार
गाडीचे चारही स्पीकर बदलायचे ठरवले. गाडी सेकंडहँड आहे, पण सीटखालचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, कंपनीचा, ओरिजिनल. तो तसाच ठेवायचा आणि त्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही. फिटिंग मी स्वतः करणार. सात व्हिडिओ पाहिले. अवघड काही नाही.

६ ऑक्टोबर
माझा साळा उमेंद्र. गोंदियात त्याचं कार डेकोरचं दुकान आहे. सहज फोन केला. म्हणाला, "भाऊजी, हा अँप दोन ओहमच्या स्पीकरवर चालते. बाजारातले बहुतेक चारचे. लावले तर आवाज दबून जाईल. गाडी घेऊन या, मी पाहून देतो."
गाडी घेऊन या. सगळं लक्षात आलं. राखीला आला होता तेव्हाही गाडीत बसून म्हणाला होता, अँप मस्त आहे. उगाच कोण म्हणेल?

१२ ऑक्टोबर, रविवार
स्पीकर नागपूरहून मागवले, उमेंद्रला न सांगता. सकाळी सातला सुरू केलं, पाचला संपलं. दरवाज्यांच्या सहा क्लिपा तुटल्या. तीन स्क्रू उरले, म्हणजे कंपनीने जास्तीचे दिले होते.
आवाज मात्र शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखा. बास गायब. लेक भूमिका म्हणाली, पहिलेच बरे होते. तिला कळत नाही.

१३ ऑक्टोबर
नागपूरच्या दुकानदाराला फोन. माल डुप्लिकेट आहे, म्हटलं. त्याने विचारलं, अँप किती ओहमचा? तोच शब्द. उमेंद्रने आधीच फोन करून ठेवलेला दिसतो.

१५ ऑक्टोबर
आज उलगडा झाला. अँपवरची सीट एक खाच मागे सरकलेली आहे. बायकोला, जमुनाला विचारलं. ती म्हणते, "मीच सरकवली, पाय आखडून राहिला होता." भावाची बाजू घेणारच ती.
गेल्या शुक्रवारी उमेंद्र आमच्या सडक अर्जुनीत कस्टमरकडे आला होता. घरी चहा पिऊन गेला. मी माझ्या दुकानात, कृषी केंद्रात, गाडी अंगणात, चावी खिळ्यावर. ओरिजिनल अँप काढून साधा बसवायला त्याला कितीसा वेळ लागतो? स्पीकर चांगलेच आहेत. अँप बदललाय.

१९ ऑक्टोबर
विचारूनच टाकलं. दुकानात बियाणं न्यायला सुखराम आला होता, साक्षीदार म्हणून त्याच्यासमोरच फोन लावला. म्हटलं, अँप कुठे आहे? उमेंद्र म्हणाला, "ताईला द्या फोन." दिला नाही. बहिणीच्या आड लपतो म्हणजे काय ते समजायचं.
सुखराम म्हणाला, "काऊन जी, साळाच हाय ना तो?" तो बियाणं न घेताच गेला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
एकवीस वर्षांत पहिल्यांदा उमेंद्र आला नाही. चूक असल्यावर कसा येणार? जमुना ओवाळायचं ताट घेऊन बारापर्यंत बसली. मग ताटावर फडकं बांधलं, पिशवीत ठेवलं आणि निघाली. मी म्हटलं, गाडीने सोडतो. तपासासाठी दोन दरवाजे मी पुन्हा खोलून ठेवले होते, वायरी लोंबत होत्या. ती बसने गेली.

२४ ऑक्टोबर
पुरावा काढायला अँप उघडला. बुडाशी नंबराचं स्टिकर आहे. गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळवलं. जुळलं. वर धूळ जाड, बोटाचा ठसा माझाच पहिला.
स्टिकर काढून दुसऱ्यावर लावता येतं. पण धूळ लावता येते का, ते सांगता येत नाही.
दुपारी भात मी केला. भूमिकाने खाल्ला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
उमेंद्र जमुनाला सोडायला आला. तिने त्याला गाडीजवळ नेलं. त्याने मीटर लावून पाहिलं. मागच्या दोन दरवाज्यांत प्लस-मायनस उलटे होते, म्हणून बास मरत होता. चार ओहमचं तर त्याने आधीच सांगितलं होतं. जुने स्पीकर पोत्यातून काढून परत बसवले. क्लिपा स्वतःच्या खिशातून लावल्या. आवाज पहिल्यासारखा, खणखणीत.
मला म्हणाला, "भाऊजी, त्या शुक्रवारी मी अंगणात पायसुद्धा ठेवला नव्हता. ताईने कप फाटकावर आणून दिला." चहा समोर होता, प्यायला नाही.

२७ ऑक्टोबर
माफी मागायची ठरवलं. मोठ्या मनाने फोन लावला. शब्दसुद्धा तयार होते. पण तो "बोला भाऊजी" म्हणाला आणि तोंडातून निघालं, काल जाताना अँपला हात लावला होता का?
तो म्हणाला, "नाही. तुम्ही पाहून घ्या."
पाहून घेतलं. तसाच आहे. सीटखालून वर आलो तर जमुना दारात उभी होती. आत जाऊन भूमिकाला म्हणाली, पुढल्या वर्षी भाऊबीजेला आपण दोघी आदल्या दिवशीच गोंदियाला जाऊ.