जीपचा कंडेन्सर

भिसेगाव, कर्जत
२२ मे १९८६

प्रिय मैना,

दिवाळीनंतर तुझं पत्र आलं, त्याला आता सहा महिने होऊन गेले आणि मी उत्तराला आज बसलेय. रागावू नकोस. आधी एक सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. इथे सगळे सुखरूप आहेत. घरच्यांच्या मनाविरुद्ध सहदेवभाऊजींशी लग्न करून अंकलेश्वरला गेल्यावर पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, चिमा, तुझं सगळं कळव, पण माझ्या घरचं एक अक्षर लिहू नकोस. लग्न होऊन मी नेमकी तुझ्या आईच्या शेजारच्या घरात आले, तरी सात वर्षं मी तुझा शब्द पाळला. आज मोडतेय. पण आधी आमच्या जीपचं ऐक, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

गेल्या वर्षी ह्यांनी जुनी जीप घेतली, ते तुला लिहिलं होतंच. चौक, खालापूर, खोपोली, कुठेही लग्न असलं की वरातीला आमची जीप ठरलेली. ह्यांनी हौसेने तिच्यात टेप बसवला, मागे लाकडी खोक्यांत दोन मोठे स्पीकर आणि सीटखाली अँप्लिफायर. गाणं लावलं की दहिवलीपर्यंत ऐकू जातं, असं हे ज्याला त्याला सांगतात. एकच खोट होती. ढोलाचा ठोका पडला की जीपचे दिवे मिचकायचे आणि आवाज दम लागल्यासारखा खाली बसायचा. मुंबईत कुणा दुकानदाराने ह्यांच्या डोक्यात भरवलं, मोठा कंडेन्सर लावा, बॅटरीला ताकद येते. मी म्हटलं, अहो, कंडेन्सर वीज तयार करत नाही, नुसती साठवतो, तीही घोटभर. तुला आठवत असेल, शाळा सुटली की आपण दोघी आबांच्या रेडिओच्या दुकानात बसायचो. मी तारांना कथलाचा डाग द्यायचे आणि तू धुराने शिंकायचीस. एवढं तर मला तेव्हापासून कळतं. पण हे म्हणाले, "तुझ्या आबांचा रेडिओ घरातला. ही गाडी हाय गं, गाडीचं येगळं असतं."

एप्रिलच्या शेवटी तुझ्या धाकट्या भावाचं, कमळ्याचं लग्न झालं. हो, तुझा हात धरून शाळेला यायचा तो कमळ्या, आता मिशी ठेवतो. मुलगी खालापूरच्या अलीकडच्या गावची, ठमी, हसरी आणि कामाला चलाख. दुपारचा मुहूर्त होता. आमचा जानवसा तिथल्या शाळेत होता आणि जीप झाडाखाली उभी. मंडळींचं जेवणखाण, नटणं चाललेलं, पोरं नाचत होती आणि इंजिन बंद ठेवून टेप दोन तास ठणाणत होता. मी दोनदा ह्यांना म्हटलं, एक तर इंजिन चालू ठेवा नाहीतर टेप तरी बंद करा. "लग्नघर हाय, वाजू दे गं," म्हणाले. तेवढ्यात शाळेमागे बायका ओरडल्या. हात धुवायला गेलेल्या सोनुमावशीने दगडाच्या गडग्याला हात टेकला होता आणि फटीत लाल विंचू होता.

हो मैना, तुझ्या आईला. पाव तासात ती घामाने निथळली, हातपाय बर्फासारखे पडले, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं, टेंपो उरलेली माणसं आणायला गेलेला. ह्यांनी जीपची किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला, पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. बॅटरीत जीवच उरला नव्हता. ह्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मग सगळे पुरुष जीपला भिडले, मुंडावळ्या बांधलेला कमळ्यासुद्धा. रस्त्याला जरा उतार होता म्हणून निभावलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, त्याबरोबर टेपही मोठ्याने ओरडायला लागला. ह्यांना बटण सापडेना, शेवटी वायरच उपटली. मावशीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या अवस्थेतही ती कमळ्याला म्हणाली, "अक्षता पडू दे रं, माजी वाट बघू नको." मला वाटलं, आता ती तुझं नाव घेईल. नाही घेतलं. दात आवळून पडून राहिली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. दोन दिवसांनी तिला घरी आणलं.

त्यानंतर आठवडाभर ह्यांनी टेपला हात लावला नाही. मग एक दिवस मुंबईला गेले आणि भंगारबाजारातून तांब्याएवढा कंडेन्सर घेऊन आले. "आता बॅटरी बसायचीच नाय," म्हणाले. ह्या वेळी मी वाद घातला नाही. म्हटलं, करून बघू. आबांचा काट्याचा मीटर काढला. कंडेन्सर एकदम जोडला तर ठिणगी उडते, म्हणून मध्ये बल्ब लावून तो आधी भरून घेतला. इंजिन चालू असताना, कंडेन्सर नसला की ठोक्यागणिक अँप्लिफायरपाशी काटा तेरा व्होल्टवरून अकराच्या खाली यायचा. लावल्यावर निम्माच खाली यायला लागला, दिव्यांचं मिचकणंही कमी झालं. हे टाळ्या पिटायला लागले. मग मी इंजिन बंद करायला लावलं. एक दिवस कंडेन्सरशिवाय, दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा तेवढीच भरून कंडेन्सरसकट, तीच गाणी लावली. दोन्ही दिवस पावणेदोन तासांनी जीप सुरू होईना. पाच मिनिटांचाही फरक नाही. हे पायरीवर बसून राहिले.

आवाज खाली बसण्याचा खरा दोष तिसऱ्या दिवशी सापडला. ठोका पडला तरी बॅटरीपाशी काटा फारसा हलत नव्हता, अँप्लिफायरपाशी मात्र पडत होता. म्हणजे वीज वाटेतच अडत होती. वायर बारीक होती आणि अर्थिंगचा नट गंजलेला. जाड केबल टाकली, नट घासून चकचकीत केला, आणि आवाजासाठी वेगळी बॅटरी बसवली. आता टेप कितीही वाजो, इंजिनाच्या बॅटरीला धक्का लागत नाही. कंडेन्सर ठेवलाय. ठोक्यापुरता त्याचा उपयोग आहे, हे मीही कबूल केलं. हे सगळं आमच्या ओटीसमोर चाललेलं आणि मावशी रोज येऊन बघत बसायची. अजून तिच्या हाताला मुंग्या येतात, पण ठमी तिला काही करू देत नाही. हे तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "मावशी, माज्या हौसेपायी तुमचा जीव गेला असता." ती म्हणाली, "गेला नाय ना? मग वाजव."

आणि काल, मी शेवटचा डाग देत असताना, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवाळी झाली का तुला पत्र येतं. मला ठावं हाय." सात वर्षं मी तुझी पत्रं तांदळाच्या डब्यात लपवत आले, मैना. ती म्हणाली, "पोस्टमन येऊन गेला का मी तुजं तोंड बघाया येते. तू हसत असलीस का समजते, पोरगी बरी हाय. एका साली तुजे डोळे सुजलेले व्हते. तवा आठ दिस माज्या घशाखाली घास उतरला नाय." ते तुझं पहिलं बाळ गेलं ते वर्ष. ना तिने मला विचारलं, ना मी तिला सांगितलं. हे पत्र तिनेच लिहायला लावलंय. आत्ता शेजारी बसलीय आणि दर ओळीला विचारतेय, काय लिवलंस. सहदेवभाऊजींनाही घेऊन ये, असं तिने दोनदा बजावलंय. गाडी कळव, हे कल्याणला जीप घेऊन येतील. आत्ता म्हणतेय, "तिच्या पोरीचं नाव काय ठेवलंय, तेवढं इचार." तुला पोरगी आहे एवढंच मी तिला सांगितलंय. नाव मला माहीत आहे, पण ते सांगितलेलं नाही. ते तूच ये आणि तिला सांग.

तुझीच,
चिमा