बोथट पेन्सिलीची रेघ

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सवय जाता जात नाही.

तहाच्या बैठकीत तू नकाशावर ओढलेली सरहद्दीची रेघ परवा माझ्या टेबलावर आली. आमच्या कचेरीत अशी रेघ आहे तशीच, जाडीसकट शाईने पक्की करण्याचं काम माझंच. बघताक्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. बोथट पेन्सिल! याच कचेरीत जन्मभर नकाशे काढणाऱ्या बाबांनी आपल्याला अक्षरं गिरवायच्या आधी पेन्सिलीला टोक करायला शिकवलं होतं. लढाई जिंकायला तुला दोन वर्षं मिळाली, टोक करायला दोन मिनिटं मिळाली नाहीत?

या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. तुझी रेघ दोन मिलिमीटर जाड आहे. तिच्याखाली आईचं घर, गोठा, विहीर, सगळं गेलं. अलीकडचे शिपाई म्हणतात, घर आमच्यात येत नाही; पलीकडचेही तेच म्हणतात. दोघांनी मिळून उद्यापर्यंत घर रिकामं करायला सांगितलंय. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर!

हे पत्र मी पाठवणार नाही. तू धीराचे चार शब्द लिहिशील आणि आई ते उशाशी घेऊन झोपेल.

आज भांडी बांधता बांधता ती म्हणाली, "दादाला कळव गं, तो काहीतरी करेल. कुणा मेल्याने ओढली ही रेघ?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

धाकटी