कुटुंबप्रमुखांच्या नावे

उरायासु, जपान,
मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप अनुराधामामींना अस्मिताचा वाकून नमस्कार (इथे वाकण्याचेही अंश ठरलेले असतात, माझा सर्वांत खालचा समजावा).

तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं. थेंब वेळेवर घालत जा आणि डाव्या डोळ्याची घाई करू नका. नंदकिशोरमामा पथ्य पाळतोय म्हणतात, म्हणजे पाळत नसणार. आम्ही तिघं तब्येतीने ठणठणीत आहोत. तब्येतीने, असं मुद्दाम लिहिलंय. फोन सोडून हाताने पत्र लिहायची वेळ का आली, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही तीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात काढलीत, अख्ख्या जिल्ह्याची भांडणं तुमच्या हाताखालून गेली, आणि घरी येऊन तुम्ही कधी कुणाचं नाव काढलं नाहीत. म्हणून हे आईला न लिहिता तुम्हाला लिहितेय. आईला लिहिलं तर ती पार्थच्या आईला सांगेल, त्या पार्थला सांगतील. (पार्थला कळून झालंय, पण ते ओघाने येईलच.)

सुरुवात घरापासून झाली. फेब्रुवारीत पार्थ ऑफिसमधून आला, बूट काढले आणि म्हणाला, ‘ग्योतोकुला फ्लॅट घेतला. सही झाली. पडद्यांचा रंग तू ठरव.’ मी घर पाहिलं नव्हतं. घर बघायला सुरुवात झालीय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते हे सरप्राइज होतं. मामी, तो वाईट माणूस नाही. हात उचलत नाही, आवाज चढवत नाही, कचरा सात प्रकारांत वेगळा करतो. फक्त अकरा वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. मी मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी.; इथे जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भाताच्या मधोमध एक खारवलेला लाल प्लम ठेवते. आठवड्याला अठ्ठावीस तास, कारण नवऱ्याच्या आधाराने मिळालेल्या माझ्या व्हिसात त्याहून जास्त बसत नाही. तर त्या पडद्यांपाशी माझं काहीतरी संपलं. रडू वगैरे आलं नाही. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी वेगळी झाले तर मला हा देश सोडावा लागेल का, आणि लेक पूर्वी माझ्याकडे राहील का.

इथे परदेशी रहिवाशांसाठी सरकारची ऑनलाइन कायदा-सल्ला सेवा आहे. फुकट, आणि संपूर्ण गोपनीय. पहिल्याच पानावर एक कार्टूनमधलं घुबड छातीला कुलूप लावून उभं आहे आणि म्हणतं, तुमची वैयक्तिक माहिती आम्ही जिवापाड जपू. त्याखाली गोपनीयतेचं धोरण, चौदा पानं. मी ती चौदाही वाचली (भाषांतराच्या ॲपमधून, त्यात दर दुसऱ्या ओळीला ‘आदरणीय ग्राहकाचा आत्मा’ असं काहीतरी येत होतं). नवव्या पानावर लिहिलं होतं की सेवा सुधारण्यासाठी ही माहिती संबंधित विभागांना दिली जाऊ शकते. संबंधित म्हणजे कोण, ते दहाव्या पानावर नव्हतं. ‘मला मान्य आहे’ या चौकटीत खूण केल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही. केली खूण.

मग फॉर्म. माझं नाव, जन्मतारीख, रहिवासी कार्डाचा नंबर, नवऱ्याचं नाव, त्याची कंपनी, मुलीची शाळा, वर्ग. समस्या दोनशे अक्षरांत लिहा. अकरा वर्षांच्या संसाराला दोनशे अक्षरं म्हणजे वर्षाला अठरा, त्यातही पूर्णविराम मोजतात. शेवटी विचारलं होतं, संपर्क कसा साधावा? मी लिहिलं, फक्त ई-मेल. ‘घरी टपाल पाठवू नये’ या चौकटीवर वेगळी खूण केली आणि ती झालीय ना, हे तीनदा पाहिलं.

बाराव्या दिवशी घरी टपाल आलं.

पाकिटावर माझं नाव नव्हतं. कुटुंबप्रमुख पार्थ-सामा, म्हणजे श्रीयुत पार्थ, असं होतं. इथल्या नगरपालिकेच्या नोंदवहीत प्रत्येक घराला एक प्रमुख असतो, आणि आमच्या घराचा तो आहे, हे मला माहीतच होतं. शनिवार होता, मी कणीक मळत होते. त्याने पाकीट फोडलं, कागदावर फोन धरला, आणि फोनने त्याला मराठीत दाखवलं: आपल्या कुटुंबातील सदस्याने घटस्फोटाविषयी घेतलेल्या सल्ल्याबाबत आपण किती समाधानी आहात? खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर गोल करून पंधरा दिवसांत परत पाठवायचं होतं.

माझे हात कणकेत तसेच राहिले. त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘हे डिझाइनच चुकीचं आहे.’

मला वाटलं, आपल्या संसाराविषयी बोलतोय. पण त्याने पेन घेऊन पाकिटाच्या मागे दोन चौकोन काढले. एका चौकोनात सल्ला मागणाऱ्यांची माहिती, दुसऱ्यात नगरपालिकेची नोंद, मध्ये बाण. ‘बघ, यांनी पत्ता इथून उचलला. आणि या नोंदीत टपाल कुटुंबप्रमुखाला जातं. तू नको म्हटलेलं या बाणापर्यंत पोचलंच नाही. तुझ्या संमतीशिवाय तुझी माहिती तिसऱ्या माणसाला गेली, अस्मिता. हे फार गंभीर आहे.’

मी म्हटलं, ‘तिसरा माणूस म्हणजे तू.’

‘तोच तर मुद्दा आहे,’ तो म्हणाला.

मी वाट पाहत राहिले. आता विचारेल, जेवताना विचारेल, ताट धुताना विचारेल. तो माझ्यासाठी इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. रविवारभर बसून त्याने चार पानी तक्रार लिहिली, क्रमांक घातलेले मुद्दे, चित्रं, बाण. त्याचं जपानी कामापुरतंच, म्हणून ती तपासायला ऑफिसातल्या ऋषीला पाठवली. ऋषीने ती तपासायला बायकोला दिली, कारण सलोनीने जपानीची वरची परीक्षा दिलीय. सोमवारी संध्याकाळी सलोनी मला स्टेशनवर भेटली, माझा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला आणि मेथीची जुडी दिली. बुधवारपर्यंत माझ्याकडे चार घरांतून मेथी आली. सरकारने माझी गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती, हे त्या सरकारच्या बाजूने इथे नोंदवून ठेवते.

तक्रारीचा परिणाम मात्र झाला. पुढच्या शनिवारी दोघंजण घरी आले: राखाडी सुटातले एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्या मागे मिठाईचा डबा घेतलेली एक मुलगी. दारात बूट काढायच्या जागेत उभं राहूनच दोघं कमरेतून वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाहीत. मग ते गृहस्थ बोलू लागले. इतकं आदरार्थी जपानी पार्थलाही कळेना आणि मलाही. त्यामुळे पूर्वीला बोलावलं. ती नऊ वर्षांची आहे, मामी. इथेच जन्मली, आमच्यापेक्षा चांगलं बोलते. डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे तीच बोलते. सवयीने बोलावलं. तिला बोलावू नये हे माझ्या लक्षात येईपर्यंत तिने मान डोलवून सगळं ऐकून घेतलं होतं.

‘ते म्हणतात, आईला रिकोन पाहिजे हे त्यांनी बाबांना सांगायला नको होतं. त्याबद्दल खूप खूप सॉरी. आणि मिठाई सोमवारच्या आत संपवा.’

रिकोन म्हणजे घटस्फोट. मराठी शब्द तिला येत नाही, आम्ही कधी शिकवला नव्हता. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पण मग बाबांना कोण सांगणार होतं?’

त्या गृहस्थांना मराठी कळत नव्हतं, तरी ते पुन्हा वाकले. पार्थने घसा साफ केला. ‘त्यांना विचार, डेटाचा बॅकअप किती दिवस ठेवतात.’

पूर्वीने विचारलं. उत्तर असं आलं की काळजी नसावी: माझ्या संरक्षणासाठी माझी सगळी माहिती कायमची पुसून टाकली आहे, बॅकअपसकट. माझं नाव, पत्ता, कार्डाचा नंबर. मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, माझा प्रश्न? तोही पुसला. उत्तर तयार झालं होतं, पण ते प्रश्नाला जोडलेलं होतं, म्हणून तेही. सल्ला हवाच असेल तर नवा फॉर्म भरावा, कृपया. मिठाईचा डबा आणणारी मुलगी एवढं ऐकल्यावर मात्र माझ्याकडे बघेना.

ते गेले. पार्थने डबा उघडला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, ‘चला, आता तुझी माहिती सुरक्षित आहे.’ खरंच समाधानाने म्हणाला. पाचवा चेहरा. त्यानंतर आजपर्यंत या विषयावर एक शब्द नाही. तो रोज वेळेवर येतो, जरा लवकरच. परवा चहा करून दिला. साखर किती, ते विचारलं नाही.

ते दोघं येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना पूर्वी बुटाची पट्टी लावत म्हणाली, ‘माझ्या वर्गातली मिओचान आता दोन घरी राहते. तिचे दोन्हीकडे दात घासायचे ब्रश आहेत.’ मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, ‘वाईट नाहीये, असं ती म्हणते. पण एक ब्रश नेहमी कोरडा असतो.’ आणि गेली.

असो. डोळ्यांना फार ताण देऊन हे वाचू नका. मामांना नमस्कार, पंढरीनाथदादा आणि वहिनींना आठवण. तुमच्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा थोडी जास्त गरज असलेली,

तुमची
अस्मिता

ता. क. मी नवा फॉर्म भरलाय. या वेळी पत्रव्यवहारासाठी वेगळा पत्ता देता येतो, तिथे तुमचा बिबवेवाडीचा दिलाय. फॉर्म कुटुंबप्रमुखाचं नाव घातल्याशिवाय पुढे सरकेना, म्हणून तुमचं घातलं. मामांना हे कळवायची आवश्यकता नाही. महिन्याभरात पाकीट येईल, उत्तर इंग्रजीत असेल. कृपा करून तुम्हीच उघडा आणि मला शनिवारी तुमच्याकडच्या सकाळी सात ते आठमध्ये फोनवर वाचून दाखवा. त्या वेळी पार्थ पूर्वीला पोहायला नेतो. फोटो पाठवू नका, आमचे सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी साठतात.

ता. क. २. पूर्वी माझ्याकडे राहू शकते, असं त्यात असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी येतो, आणि मागची खोली किती दिवसांसाठी लागेल ते मला आत्ता सांगता येणार नाही. तसं नसेल, तर आम्ही तिघं येतो. पार्थला तुमच्या हातच्या अळूवड्या आवडतात, तेवढ्या करा. आणि हे पत्र तुम्हाला पोचलं नव्हतं.