लिंबासाठी काढलेला दगड

मी, जानकी लवू घाडी, वय अडुसष्ट, राहणार भटवाडी, घाटकोपर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने लिहून ठेवते. शिक्षण दुसरी. डोकं शाबूत आहे. अक्षर हललेलं दिसेल, दसऱ्यापासून हात असाच चालतो. आधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं, ते रद्द समजावं.

१. खोली मुलगा जयवंत आणि सून सुगंधा, दोघांच्या नावे. भांडण झालं तर बाहेर त्याने झोपावं.

२. माझ्या यजमानांनी लष्कराच्या लिलावात मालाचे दोन जुने ट्रेलर घेतले. लोक हसले, कारण ओढायला जीप नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. मग मांडवाचे बांबू वाहिले, चारकोपच्या नव्या घरांच्या विटा वाहिल्या, त्यावर घर चाललं. थोरल्या ट्रेलरचा हातब्रेक लष्करातच मेला होता. म्हणून यजमानांचा नियम होता, की जीपला कडी अडकल्याशिवाय चाकांखालचे दगड काढायचे नाहीत. हे जयवंत दहा वर्षांचा असल्यापासून ऐकतो.

३. यंदा दसऱ्याला मी उतारावर, दाराशी, झेंडूचं तोरण ओवत बसले होते. वर जयवंताने थोरल्या ट्रेलरला हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवायला दगड आड येतात म्हणून दोन्ही काढले. जीप अजून गल्लीच्या तोंडाशी होती. ट्रेलर निघाला तो सरळ माझ्या अंगावर. मला उठता येईना. जयवंत ट्रेलरच्या समोरच होता. त्याने बाजूला उडी मारली. हे मी डोळ्यांनी बघितलं. अजून जेवताना घास हातात तसाच राहतो.

सुगंधाने दारातला पाटा उचलून चाकाखाली सारला. पाटा दुभंगला, तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, ट्रेलर माझ्यापासून हातभरावर थांबला. तेव्हा जयवंत वरून म्हणाला, "आये, लिंबू तरी बरोबर फुटलं ना."

त्याचं उत्तर इथे लिहिते.

४. ताडपत्री शेजारीण प्रेमाला. लग्नाला नेऊन तिने भोक पाडून परत दिली, आता भोकासकट तिचीच.

५. थोरला ट्रेलर, जीप, जॅक आणि पाने सुगंधाला. भाडं तिने ठरवायचं. तिची आमटी मला आवडायला लागली असा अर्थ कुणी काढू नये.

६. धाकट्या ट्रेलरला चाकं नाहीत, विटांवर उभा आहे, आत कोंबड्या बसतात. तो जयवंताला. तो अंगावर येणार नाही, तेव्हा जयवंताला उडी मारावी लागणार नाही. कोंबड्या मात्र सुगंधाच्या.

७. पाट्याचे दोन तुकडे मी जपून ठेवलेत. ते थोरल्याच्या दोन चाकांखाली लावावेत. दसऱ्याला हार त्यांना घालावा. लिंबांचं सरबत करावं, पहिला पेला सुगंधाला.

मी लिहिलेलं हे सगळं राऊळ मास्तरांनी मला परत वाचून दाखवलं, बरोबर आहे. अंगठा नको म्हटलं, सही मीच करते, कितीही वेळ लागो.

जानकी लवू घाडी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
विद्याधर राऊळ, शाळामास्तर
नंदू मेस्त्री, गॅरेजवाला

घाटकोपर, २७ ऑक्टोबर १९८६