अर्ध्यावर थांबलेली तपासणी

प्रिय डेन्झिल,

रविवारी फोनवर तू माझ्या पोटाची चौकशी केलीस आणि मी ‘सगळं ठीक’ म्हणून विषय पावसावर नेला. आता ठीक आहे हे खरं. मधले महिने ठीक नव्हते, आणि ते तुझ्या कानावर गेले नाहीत, कारण मीच माझ्या नवरोबाला, रॉइसला, तोंड उघडू दिलं नाही. आज सगळं लिहिते. सावकाश वाच, आणि बायकोसमोर नको, जेनीन बाहेर गेलेली असेल तेव्हा वाच.

सरकारकडून टपालानं शौच तपासणीची डबी येते, ती तुलाही येत असणार. मी दर वेळी मुकाट्यानं भरून पाठवते. या वेळी उत्तर आलं की रक्ताचा अंश सापडलाय, कॅमेऱ्यानं मोठं आतडं तपासून घ्या. मला एकदम बाबा आठवले. ते आजारी पडले तेव्हा तू लहान होतास, तुला फारसं आठवत नसेल. जव कापायचे दिवस होते. बाबा अॅडलेडला दाखवून आले आणि आईनं आपल्याला अंगणात पिटाळलं. नंतर कुणी भेटायला आलं की स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं, आत कुजबुज चालायची, आणि मी दारात दिसले की सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागायचे. पोटात अल्सर आहे, असं आई बाबा जाईपर्यंत सांगत राहिली, आणि गेल्यावरही. तेव्हापासून दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की माझे कान टवकारतात. रॉइस म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस.

तपासणी आमच्याच भागातल्या एका इस्पितळात झाली, नाव लिहीत नाही. आदल्या दिवशीचं ते जुलाबाचं पाणी, खारट आणि बुळबुळीत, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. सगळा दिवस संडासात गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हॅसेल म्हणाले, “गुंगीचं इंजेक्शन देतो, तुम्हाला पत्ताही लागणार नाही.” मला सगळा पत्ता लागला, डेन्झिल. नळी वर सरकायला लागली आणि पोटात कुणीतरी ओला दोर पिळतंय असं झालं. नर्स दोन्ही हातांनी माझं पोट दाबत होती आणि “झालंच हं, थोडंच राहिलंय” म्हणत होती. तिचं ते थोडं काही संपेना. मी ओरडले. माझ्याच तोंडून असा आवाज निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बस करा, काढा बाहेर, असं काहीतरी मी म्हणत होते. शेवटी हॅसेलनी नळी बाहेर काढली.

नंतर गुंगी उतरत होती तेव्हा पडद्यापलीकडे हॅसेल आणि रॉइस बोलत होते. अगदी खालच्या आवाजात. मी कूस बदलली, पलंग कुरकुरला, आणि दोघं गप्प. मग हॅसेल आत आले आणि हसून म्हणाले, “तुमच्या आतड्याला मोठा पीळ आहे, पुढं जाता आलं नाही. जेवढं दिसलं तेवढं स्वच्छ आहे.” मी विचारलं, “आणि जे दिसलं नाही ते?” ते म्हणाले, “ते पुढं बघू.” बघू म्हणणारा डॉक्टर आणि खिडकीबाहेर बघणारा नवरा. मी काय समजायचं?

घरी आल्यावर रॉइस वेगळाच वागायला लागला. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून कप विसळला नाही, तो भांडी घासायला लागला. बेकरीतून माझ्या आवडीच्या खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्या आणायला लागला, न सांगता. खेकडे धरायला धक्क्यावर जाणं त्यानं सोडलं. आणि फोन घेऊन शेडमध्ये जायचा. मी कपडे वाळत घालायला तिकडं गेले की फोन खिशात. “कुणाचा होता?” तर म्हणे, “पंपवाल्याचा.” पंप तर चांगला चालला होता. मी मनाशी पक्कं धरलं की यांना आत काहीतरी दिसलंय आणि आता माझ्याशीही हवापाण्यावर बोलणं सुरू झालंय. हॅसेलच्या इस्पितळातून पुन्हा तपासणीला या म्हणून फोन आला. मी म्हटलं, “मेले तरी येणार नाही.” ती मुलगी म्हणाली, “बाई, असं बोलू नका.” तिचा आवाजही मला जरा जास्तच गोड वाटला.

एकदा दुपारी मी शेडच्या पत्र्याला पाठ लावून उभी राहिले. हो, चोरून ऐकलं. आत रॉइस म्हणत होता, “नाही, तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती ऐकायची नाही.” दार ढकलून मी आत गेले आणि म्हटलं, “किती दिवस आहेत माझे? स्पष्ट सांग. मी आई नाही आणि तूही आई होऊ नकोस.” रॉइसनं फोन बंद केला. हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. मग म्हणाला, “कोरली, तू ओरडत होतीस ना, ते बाहेर बाकावर ऐकू येत होतं. दोन दारं मध्ये होती तरी. तिकडं तुला पुन्हा न्यायचं नाही असं मी तिथंच ठरवलं. अॅडलेडला पूर्ण भूल देऊन करणारी एक डॉक्टर आहे, तिच्याकडं नंबर लावत होतो. तुला आधी सांगितलं असतं तर तू त्या बाईच्याही मागे लागली असतीस.” “आणि पडद्यामागं काय बोलत होता?” “मी त्याला शिव्या देत होतो, हळू आवाजात. इस्पितळ होतं ना.” मला हसू आलं आणि रडूही. पण खरं सांगू, पुरता विश्वास तेव्हाही बसला नाही.

अॅडलेडची ही डॉक्टर लाम बुटकीशी, चष्मेवाली, व्हिएतनामी बाई. मी जाताना प्रश्नांची तयारी करून गेले होते, चोर पकडायला निघाल्यासारखी. तिनं कागदावर आतडं काढून दाखवलं. माझं गर्भाशय काढलं होतं ना, त्या जुन्या जखमेचे चिकट पट्टे आतड्याला धरून बसतात, त्यामुळे वळण ताठ होतं आणि नळी तिथं अडते, दुखतं. “तुमचं ओरडणं नाटक नव्हतं,” ती म्हणाली. हे मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. मी विचारलं, नळीशिवाय काय काय आहे? तर तिनं सगळं मांडलं. कॅमेऱ्याची गोळी गिळता येते, पण ती फक्त फोटो काढते आणि माझ्यासारख्या आतड्यात अडकून बसायची भीती. टपालाची डबी पुन्हा भरून उपयोग नाही, रक्त एकदा दिसलंय तेव्हा कारण शोधायलाच हवं. स्कॅन करता येतो, आतड्यात वायू भरून बाहेरून चित्रं घ्यायची, पण त्यात काही सापडलं तर नळी टळत नाही. आणि नळीच घातली तर बारीक, लवचीक घालायची, भूलतज्ज्ञ उशाशी. ती म्हणाली, “मी तुमच्या जागी असते तर थेट नळी केली असती. पण पोट तुमचं आहे.” मी स्कॅन निवडला. नळीचं नावही मला नको होतं.

स्कॅनमध्ये पोट फुग्यासारखं तट्ट झालं, आधी उताणं झोपवलं, मग पालथं. अवघडल्यासारखं झालं, कळा आल्या, पण ओरडावं असं काही नाही. आणि निघालं काय, तर उजव्या बाजूला, हॅसेलची नळी पोचलीच नव्हती त्या टोकाला, चेरीएवढा एक मांसाचा कोंब. मी लामबाईंना तोंडावर म्हटलं, “मला वाटलंच होतं. काहीतरी दाखवायचं म्हणजे परत नळी घालायला तुम्ही मोकळ्या. ती आत राहिलेली घाण नसेल कशावरून?” रॉइसनं कपाळाला हात लावला. ती मात्र रागावली नाही. पडदा माझ्याकडं वळवून म्हणाली, “चांगला प्रश्न आहे. हे तुम्ही उताण्या असताना. हे पालथ्या झाल्यावर. घाण असती तर खाली घरंगळली असती. हा बघा, जागचा हललाय का?” मी नाक लावून बघितलं. हलला नव्हता. कुणीतरी पहिल्यांदाच मला ‘विश्वास ठेवा’ न म्हणता ‘बघा’ म्हटलं होतं. मी तिथंच होकार दिला.

दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञ माझ्याशी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांबद्दल बोलत होता, आणि पुढचं आठवतंय ते नर्सनं पुढं केलेला टोस्ट. मधलं काहीच नाही. कोंब काढला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर, एवढं बोलून लामबाई थांबल्या. मग विचारलं, वडील कशानं गेले? अल्सर, मी म्हटलं. कसे दिसत होते, काय होत होतं, वय काय, सगळं त्यांनी खोदून विचारलं, आणि मी आठवेल ते सांगत गेले. त्या म्हणाल्या, “तो अल्सर नसावा. तुम्हाला भावंडं आहेत?”

आहे, मी म्हटलं. आणि आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते ऐक. मागच्या आठवड्यात जेनीन फोनवर हसत हसत सांगत होती, “अगं, याला हल्ली बीटचं वेड लागलंय. संडासात लाल बघून माझा जीवच गेला, तर म्हणतो, कामावरच्यांबरोबर बीट खाल्लं.” मीही तिच्याबरोबर हसले. फोन ठेवला आणि मग ध्यानात आलं. डेन्झिल, तू जन्मात बीट तोंडाला लावलेलं नाहीस. बर्गरमधली बीटची चकती दोन बोटांनी उचलून माझ्या ताटात टाकणारा तू. बायकोला फसवशील, मला नाही. कधीपासून रक्त पडतंय हे मी विचारत नाही, ते लामबाईंना सांग, मी तुझं नाव त्यांच्या कानावर घातलंय. साधी मूळव्याध निघाली आणि माझा संशय पुन्हा खोटा ठरला तर मी सगळ्यांसमोर कान पकडीन, पण ते आत बघितल्यावर ठरू दे. त्यांच्याकडं यायला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घे. भूल पूर्ण मागून घे, त्यात लाज नाही. जेनीनला मी काही बोललेले नाही. ते तुलाच सांगायचंय, आणि पुढच्या शनिवारच्या आत, कारण त्या दिवशी मी आणि रॉइस गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. दार लोटून ठेवलंस तरी मी आत येणार आहे.

तुझ्यावर बारीक नजर ठेवून असलेली,
तुझीच
कोरली