चुलीमागचा खड्डा

मुरुमच्या अक्काला,

माझी शेवंता जंतानं गेली. चुलीमागची भिंत चाटून चाटून तिनं तिथं खड्डा पाडला होता. डॉक्टर म्हणाले होते, "परसाकडं जाता तिथलीच पांढरी माती आणून भिंती पोतारता. जंत तिच्यातूनच येतात."

पोर पुरून आल्यावर म्या तो खड्डा लिंपला. सकाळी बघते, तर पुन्हा तेवढाच, थुंकीनं ओला. कितीदा लिंपला तरी तेच. सासूबाई म्हणल्या, "शेवंता येती गं." म्याबी तिथं दिवा लावला.

आज चूळ भरताना माझ्याच दातांतून पांढरी माती निघाली. अक्का, मला पुन्हा दिवस गेलेत.

हे पत्र तुला धाडत न्हाय. त्याच खड्ड्यात ठेवून वर लिंपते. ओल्या मातीचा वास लई गोड येतोय.

तुझीच,
तुळजा