आणि आता पलीकडच्यांसाठी

प्रिय बारक्या,

तुला या नावानं हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे. चर्चची मंडळी तुला पाळकसाहेब म्हणते, पक्षाची माणसं आदरणीय म्हणतात, आणि चौकातल्या फलकावर तू इतका गुबगुबीत दिसतोस की बारक्या म्हणताना मलाच हसू येतं. तरी म्हणणार. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. काल तुझी बायको येऊन गेली. बिचारी आत यायलाही तयार नव्हती, दारातच उभं राहून तिनं तुझा निरोप एका दमात सांगून टाकला. येत्या रविवारी उपासनेला तुमचे पुढारी येणार आहेत. तेव्हा मी ऑर्गनवरून उठून पुढे यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, माझ्या मुलाला सोडवायला शत्रूशी कैद्यांची अदलाबदल करू नका, त्यालाही ते आवडणार नाही. एवढं बोलून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि चहा दिला. माझा राग तिच्यावर नाही. तू स्वतः आला नाहीस, त्याचा आहे.

माझ्या भोपळ्याला काय आवडेल हे तू मला सांगणार? ते नावसुद्धा तूच ठेवलंस, पहिल्यांदा मांडीवर घेतलंस तेव्हा. तुझ्याच प्रवचनातून उठून तो भरतीला गेला, आणि मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पलीकडच्यांनी त्याला पकडल्याचं कळलं ते त्यांच्याच टीव्हीवरून. डोकं भादरलेलं, हातात पत्र्याचा पेला, मान खाली. मी त्याला कानांवरून ओळखलं. बाबांचे कान, तुझे कान. पहिला फोन तुलाच केला आणि तू फोनवर ढसाढसा रडलास. ते रडणं खरं होतं, बारक्या. म्हणूनच मला तुझी जास्त चीड येते. दगड असतास तर सोडून दिलं असतं.

परवाच्या रविवारी तू क्रूसावरचा पाठ घेतलास. खाली ये म्हणून लोक ओरडत होते, पण प्रभू खाली उतरला नाही, तशीच आपली शूर मुलं सौदा होऊन परत यायला तयार नाहीत, असं म्हणालास. सगळ्या बाकांवरून आमेन आलं. मी पुढच्या गीताचं पान उघडून बसले होते, ते पान मला दिसेना. प्रभूनं स्वतःला दिलं रे. बहिणीचं पोर नाही दिलं.

आणि मी काही तुझ्या विरोधकांतली नाही. आजवर प्रत्येक मत तुझ्याच पक्षाला दिलंय. घर, प्रार्थना, शिस्त, वडीलधाऱ्यांचा मान, हे सगळं मला पटतं. आपल्या घरात कोणाला पटत नव्हतं? बाबांना तर नवं काहीच खपायचं नाही. गीताची चाल जरा बदलली तरी व्यासपीठावरून माझ्याकडे डोळे वटारून बघायचे. पण तेच बाबा दर रविवारी आपल्या सैनिकांसाठी प्रार्थना झाली की कठडा घट्ट धरायचे आणि म्हणायचे, आणि आता पलीकडच्यांसाठी. मग सगळी मंडळी उभी, आणि एकदम शांतता. इतकी, की बाक कुरकुरलेला ऐकू यायचा. ती रीत त्यांचीही नव्हती, त्यांच्या आधीच्या पाळकांपासून आलेली. त्या शब्दांवर बेकरीवाला उठून बाहेर जायचा, आठवतं? त्याचा थोरला मागच्या युद्धात मारला गेला होता. तो ताडताड चालत जायचा, दार आपटायचा आणि गीत सुरू झालं की परत येऊन बसायचा. बाबांनी त्याला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. उलट दाराजवळची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायला सांगायचे, म्हणजे त्याला लोकांच्या पायांतून वाट काढावी लागू नये.

तू पाळक झालास आणि मला म्हणालास, ताई, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, शांततेच्या जागी लगेच गीत घेऊ या. मला कौतुक वाटलं, माझ्या भावाला लोकांची किती काळजी! मी आपली मुकाट वाजवत राहिले. तुला गुडघ्यांची नव्हे, मतांची काळजी होती, हे कळायला मला भोपळ्या कैदेत जावा लागला. जुनं जपायचं म्हणून ऊर बडवतोस, आणि त्या देवळातली सगळ्यात जुनी गोष्ट तूच गुपचूप मोडीत काढलीस.

मला ते कळलं बेकरीवाल्यामुळे. टीव्हीवर भोपळ्या दिसला त्यानंतर तो पाव घेऊन आला आणि पिशवी टेबलावर ठेवून बसला. मग म्हणाला, पलीकडेही देवळं असतील ना, तिथं कोणी आपल्या पोरासाठी असं थांबत असेल का? जाताना दारात वळून म्हणाला, तुमच्या भावानं ते बंद का केलं? मी बाहेर जायचो, पण बंद करा असं कधी म्हणालो नव्हतो. बाहेर येऊन मी पायरीवर पोटभर रडायचो, आता तेही नाही.

तर हे पत्र तुला आधी कळावं म्हणून. पाहुण्यांसमोर तुझी फजिती व्हावी असं मला वाटत नाही, शेवटी भाऊ आहेस. रविवारी मी नेहमीसारखी ऑर्गनवर असेन. सैनिकांची प्रार्थना संपली की तू मला खूण करशील. मी वाजवणार नाही. भात्यावरचे पाय काढून घेईन, उभी राहीन आणि बाबांचे ते शब्द म्हणेन. पुढाऱ्यांना आवडो न आवडो. तिकडची एखादी आई माझ्या पोरासाठी गप्प उभी राहावी असं मला वाटतं, मग तिच्या पोरासाठी मला उभं राहायलाच हवं. बेकरीवाल्याला मी सांगून ठेवलंय. तो म्हणाला, मी नेहमीसारखा बाहेर जाईन. म्हटलं, जा. तुलाही सहन झालं नाही तर तूही जा, बारक्या. दाराजवळ जागा आहे, आणि पायरीवर रडायला सोबतही मिळेल.

तुझीच, अजूनही,
ताई